खोडलेले माप

तालुक्याच्या एका गावी एकदा एक वृद्ध भूमापक राहत असत. चाळीस वर्षे त्यांनी लोकांच्या जमिनी साखळीने मोजल्या आणि सेवानिवृत्त झाल्यावर ते आकाश मोजू लागले. गावाबाहेर नगरपालिकेचा जकात नाका बंद पडून होता. त्याच्या गच्चीवर त्यांनी हौशी मंडळींचा एक अभ्यासगट जमवला. सारे त्यांना आप्पा म्हणत.

गटात शास्त्रज्ञ असा कुणीच नव्हता. दोन शिक्षक, एक औषधविक्रेता, रामलिंग नावाचा एसटी कंडक्टर आणि बाजारपेठेत शिवणकामाचे दुकान चालवणारी द्वारका. द्वारकेचे शिक्षण नववीपर्यंत झाले होते. पहिल्या संध्याकाळी दुर्बिणीतून शनीची कडी पाहून ती इतकी हरखली की डोळा काढेना. आप्पांनी तिला मनसोक्त पाहू दिले आणि मग म्हणाले, "पाहून झालं ना? आता मोजायला शिक. पाहिलेलं तुझ्यापाशीच राहतं. मोजलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडतं."

त्यांनी गटाला जोडतारे मोजायला शिकवले. नुसत्या डोळ्यांना एक दिसणारे काही तारे दुर्बिणीत दोन दिसतात. त्या दोघांमधले अंतर किती, हे ठरवायचे. नेत्रिकेच्या, म्हणजे जिथे डोळा लावतात त्या भिंगाच्या, काचेवर केसाइतक्या बारीक रेघांची मोजपट्टी कोरलेली असे. दुर्बीण स्थिर ठेवली की पृथ्वी फिरत असल्यामुळे तारा आपणहून पट्टीवरून सरकत जाई. तो किती सेकंदांत सरकला यावरून दोन रेघांमधले अंतर काढायचे आणि मग जोडीतले दोन तारे पट्टीवर धरायचे. माप विकलांमध्ये येई. एका अंशाचे छत्तीसशे भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे विकला. सुताच्या फरकाने पोलके बिघडते हे जाणणाऱ्या द्वारकेला या बारकाव्याचे भय वाटले नाही, उलट गोडीच लागली.

दुर्बीण मात्र गटाची नव्हती. शहरातल्या एका खगोल मंडळाने ती वर्षभरासाठी दिली होती. वर्षाअखेरीच्या संमेलनात गटाने बावीस जोडताऱ्यांची मापे सादर करायची आणि ती पाहून दुर्बीण पुढे ठेवायची की नाही हे मंडळ ठरवणार, असा करार होता.

एकवीस मापे छापील सूचीशी थोड्याफार फरकाने जुळली. बाविसावे द्वारकेचे. सूचीत त्या जोडीचे अंतर चौदा पूर्णांक दोन विकला होते. द्वारकेला पहिल्या संध्याकाळी सतरा पूर्णांक एक मिळाले. दुसऱ्या दिवशी शर्टाला काजे पाडताना तिच्या हातातली कात्री थांबली. आपण पट्टीवरच्या रेघा मोजल्या. मोजायची होती रेघांमधली अंतरे! ती शरमली, पण आप्पांना तिने चूक सांगितली. त्यानंतर नऊ संध्याकाळी दुकान बंद करून ती गच्चीवर गेली आणि दरवेळी पट्टी नव्याने तपासून तिने माप घेतले. नऊही मापे अकरा पूर्णांक चारच्या आसपास आली. चौदाच्या जवळ एकही गेले नाही.

मंडळाच्या अध्यक्षांकडे अहवाल आगाऊ गेला आणि त्यांचा निरोप आला. एकवीस मापे उत्तम आहेत. बाविसावे दुरुस्त करावे किंवा वगळावे. नामांकित वेधशाळेच्या सूचीशी वाद घालणारा अहवाल मंडळाला स्वीकारता येणार नाही.

रामलिंग दुकानात आला. "ताई, एक ओळ गाळली तर काय बिघडतं? एकवीस तरी राहतील. दुर्बीण राहील."

"आणि उद्या ते म्हणाले, अजून एक गाळा?"

"तुम्ही नववी शिकलेल्या, मी दहावी नापास. आपलं कोण ऐकणार?"

द्वारकेने मशीनचे चाक हाताने थांबवले. "मी तारा पाहिला तेव्हा त्यानं माझी इयत्ता विचारली नव्हती, रामलिंगभाऊ. आकडा बदलणार नाही."

तिने नऊ मापांचा तक्ता स्वच्छ अक्षरात लिहून आप्पांना दाखवला. आप्पांनी तो दोनदा वाचला, खिशातून पेन काढले आणि तक्त्याच्या अगदी वर, पहिल्या ओळीत, लिहिले: 'सतरा पूर्णांक एक.' मग त्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारली, अशी की आकडा वाचता यावा.

द्वारकेला विश्वास बसेना. "आप्पा, ती तर माझी चूक होती!"

"म्हणूनच लिहिली."

"लोक हसतील. तुम्ही माझ्या बाजूचे आहात की त्यांच्या?"

आप्पांनी पेन खिशाला लावले. "संमेलनाला मीही येईन. मागच्या रांगेत बसेन," एवढेच म्हणाले.

त्या रात्री तिने तक्ता पुन्हा लिहायला घेतला. खोडलेली ओळ सोडून लिहू लागली तेव्हा तिचाच हात अडखळला. ज्यांनी एक ओळ गाळायला सांगितली त्यांच्यावर आपण संतापलो आणि आता आपणही एक ओळच गाळतो आहोत, हे तिला टोचले. तिने नवा कागद चुरगाळला. पण आप्पांवरचा राग गेला नाही.

संमेलनाच्या सभागृहात शंभरेक माणसे होती. अध्यक्ष विद्वान होते, आणि आपली विद्वत्ता ते क्षणभरही विसरत नसत. तक्ता हातात घेऊन ते म्हणाले, "बाई, वर सतरा लिहिलंय, खाली अकरा. हा तारा आहे की रबर?"

सभागृहात हशा पिकला. द्वारकेने मागच्या रांगेकडे पाहिले. आप्पा हातांची घडी घालून शांत बसले होते. मग ती ताठ उभी राहिली.

"मी कपडे शिवते, साहेब. पाच बटणांमध्ये चारच अंतरं असतात हे मला रोज कळतं. त्या दिवशी नाही कळलं. मी रेघा मोजल्या, अंतरं मोजायची राहिली. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं. नंतर नऊ वेळा मोजलं, ते खाली लिहिलंय. वाऱ्यानं तारा थरथरतो, माझा डोळा थकतो, त्यामुळं माझ्या मापात तीन दशांश इकडं-तिकडं होतात. तेही लिहिलंय."

हशा विरला. पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकेने वही उघडली.

"आता मला एक विचारायचंय," द्वारका म्हणाली. "सूचीतलं माप कधीचं आहे?"

अध्यक्षांनी सूची उघडली. पाने उलटून त्यांनी साल शोधले. "अडुसष्ट वर्षांपूर्वीचं."

"अडुसष्ट वर्षांत ते दोन तारे जागचे हललेच नाहीत, हे कुणी पाहिलं?"

"बाई, सूची मोठ्या लोकांनी केली आहे."

"असेल. त्यांनी मोजलं तेव्हा चौदा आलं असेलही. मी आज मोजलं, अकरा आलं. दुर्बीण न्यायची तर आजच न्या. पण माझ्या हातून चौदा लिहून घेता येणार नाही. ज्याला माझं माप खोटं वाटतं त्यानं वर बघावं आणि मोजावं."

टाळ्या वाजल्या नाहीत. अध्यक्षांनी तक्ता बाजूला ठेवला आणि पुढच्या गटाला बोलावले. संध्याकाळी निर्णय कळला: एकवीस मापे छापली जातील, बाविसावे नाही, आणि दुर्बीण दुसऱ्या गटाला दिली जाईल.

चार दिवसांनी मंडळाचा टेम्पो आला. रामलिंगने आणि शिक्षकांनी दुर्बिणीची लाकडी पेटी गच्चीवरून उतरवली. टेम्पो गेल्यावर द्वारका आप्पांजवळ पायरीवर बसली.

"आता सांगा. ती ओळ का लिहिलीत?"

आप्पा म्हणाले, "जमिनीच्या भांडणात मी शेकडो वेळा साक्ष दिली. 'माझी साखळी कधी चुकत नाही' म्हणणारा मोजणीदार वकिलाच्या दुसऱ्या प्रश्नाला घाम पुसायला लागायचा. 'साखळी उन्हात लांबते, एवढी लांबते, मी तेवढं हिशेबात धरलं' असं जो सांगायचा, त्याला कुणी जागचा हलवू शकत नसे. तुला मोठ्यांच्या विरोधात उभं राहायचं होतं. तशा माणसानं आधी आपलीच झडती द्यावी. तुझी चूक त्यांनी शोधून काढली असती तर तुझी नऊ मापं तिच्याखाली गाडली गेली असती. तू स्वतः सांगितलीस. मग त्यांच्या हातात हसण्यापलीकडे काय उरलं?"

"हे आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू माझ्या आधारानं उभी राहिली असतीस."

द्वारकेने रिकाम्या रस्त्याकडे पाहिले. "दुर्बीण गेली, आप्पा," ती म्हणाली.

"गेली. मोजायला शिकलेली माणसं इथंच आहेत."

दीड महिन्याने दुकानात एक पाकीट आले. संमेलनात वही उघडणाऱ्या त्या शिक्षिकेचे पत्र होते. तिने तिच्या गावच्या गटाबरोबर तीच जोडी सहा संध्याकाळी मोजली होती. सरासरी अकरा पूर्णांक सहा. सहा मापांच्या वर तिने सातवे लिहिले होते, एका रेघेने खोडलेले, आणि शेजारी कारण: 'दुर्बिणीचा एक पाय मऊ मातीत खचला होता. आमच्या लक्षात आले नाही.'

रामलिंगने ते पत्र मोठ्याने वाचले आणि त्याचा आवाज चढला. "ताई, हे अध्यक्षांना पाठवू या! आता छापावंच लागेल त्यांना."

"पाठवा," द्वारका म्हणाली. तिने दोन्ही तक्ते एकत्र केले, स्वतःचाही आणि शिक्षिकेचाही, खोडलेल्या ओळींसकट. मग तळाशी आपल्या गोल अक्षरात एक वाक्य लिहिले:

'महोदय, आमची मापे आणि आमच्या चुका सोबत जोडल्या आहेत. आपले माप कळवावे.'

आप्पांनी ते वाचले. या वेळी त्यांनी पेन काढले नाही.