सिंहीण राणी आणि रिकाम्या फांद्या

नदीने दुभागलेल्या एका जंगलात एक सिंहीण राज्य करत असे. मुलांनो, खोटे कशाला बोला, राणी मोठी कर्तबगार होती. तिने पलीकडच्या काठावरच्या सिंहाशी लग्न केले आणि दोन्ही काठांचे एक राज्य केले. लांडग्यांच्या टोळ्या तिने पिटाळून लावल्या. राणी भाविकही तितकीच होती. रोज पहाटे सर्वांनी मोहाच्या झाडांखाली जमून उगवत्या सूर्यापुढे मान झुकवावी, असा तिचा नियम होता. उन्हाळ्यात हेच मोह अख्ख्या जंगलाला जगवत.

त्या मोहांवर वटवाघुळे राहत. रात्रभर ती फळांसाठी हिंडत आणि सूर्य उगवताना झोपी जात. एका पहाटे राणीची नजर वर गेली आणि तिचे पित्त खवळले. "सूर्यदेवाला पाय दाखवता?" ती गरजली. एक म्हातारे वटवाघूळ म्हणाले, "राणीसाहेब, अपमान करायचा नाही हो. आमची झोपच अशी. मान तर आमची कायमच खाली असते." कोणीतरी खुदकन हसले. राणी हसली नाही. "सरळ बसा, नाहीतर जंगल सोडा!" सरळ कशी बसणार बिचारी? त्याच संध्याकाळी पिल्लांना पोटाशी धरून ती डोंगरापलीकडे निघून गेली. "बरे झाले, घाण गेली," असे कोल्हा म्हणाला आणि पुष्कळांना ते पटले.

वर्षे लोटली. राणी थकली. राज्य नातीच्या हाती सोपवायचे म्हणून ती तिला मोहांच्या राईत घेऊन आली. वादळात पडलेले दोन मोह अजून वाटेत आडवे होते. "हे सारे मी तुझ्यासाठी राखले," राणी अभिमानाने म्हणाली. नात इकडेतिकडे पाहत राहिली. "आजी, इथे सगळी झाडे म्हातारीच कशी? एकही रोप दिसत नाही. ही पडली की आम्ही खायचे काय?"

राणीने हत्तीला बोलावले. हत्ती म्हणाला, "राणीसाहेब, मोहाची फळे दूर नेऊन बी टाकायची ती वटवाघुळेच. झाडाखालच्या दाट सावलीत बी रुजत नाही."

"हे तेव्हा का नाही बोललास?"

"तेव्हा मी पहिल्या रांगेत मान झुकवून उभा होतो," हत्ती म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

राणी स्वतः डोंगर चढून गेली. वटवाघुळांच्या कड्याखाली उभी राहून तिने आयुष्यात प्रथमच विनवणी केली, "चुकले माझे. परत चला." वरून उत्तर आले, "राणीसाहेब, तुमच्याशी बोलणारे आमचे आजोबा केव्हाच गेले. आमचा जन्म इथला. तुमच्या मोहाचा वाससुद्धा आम्हांला ठाऊक नाही."

राणी रिकाम्या हाताने परतली आणि थोड्याच दिवसांत वारली. दुसऱ्या पहाटे सारे प्राणी राईत जमले. राणीने दोन काठ कसे जोडले, लांडगे कसे हाकलले, हे कोल्ह्याने रंगवून रंगवून सांगितले. मग सर्वांनी माना झुकवल्या. नातीने मात्र मान वर केली आणि त्या रिकाम्या फांद्यांकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

तात्पर्य : राज्यकर्त्याने काय जोडले ते त्याच्या हयातीत दिसते, काय तोडले ते नातवंडांना भोगावे लागते.