विणकराच्या पोटातलं विरजण

नदीकाठच्या एका गावात गदाधरशास्त्री नावाचे एक वैद्य राहत. त्यांचा काढा भलताच जालीम. पोटात गेला की रोगाचं नाव उरत नसे, आणि शास्त्रींना त्याचा केवढा तोरा!

भानाजी विणकर तापाने अगदी मरायला टेकला, तेव्हा शास्त्रींनी त्याला एकवीस दिवस काढा पाजला. ताप पळाला. पण भानाजी काही परत आला नाही. अंथरुणात पडून उघड्या डोळ्यांनी तो दुसऱ्याच कुठल्या गावात हिंडत होता. मागावरच्या शेल्यातले मोर उडून आढ्यावर बसत. खोलीत गुडघाभर निळं पाणी भरे. बायको गोदा जवळ आली की तो हात जोडून विचारी, "बाई, आपण कोण?" बिचारी गोदा भिंतीकडे तोंड करून रडे.

"काढा वाढवू," शास्त्री म्हणाले.

दूध घालायला आलेली कोंडाबाई गवळण दारातच थबकली. "राग धरू नका, शास्त्रीबुवा. माझं दह्याचं मडकं एकदा नासलं, म्हणून मी ते कढत पाण्यानं घासघासून धुतलं. मग काय, दहीच लागंना! नासकं गेलं, त्याच्यासंगं चांगलं बी गेलं. ह्यांचं पोट तुमी तसंच धुतलंय. त्याला विरजण लावा."

"आता गवळण वैद्याला शिकवणार!" शास्त्री तणतणत निघाले. तेवढ्यात आतून भानाजीचा आवाज आला, "माझी गोदा कुठं दिसली का हो?"

त्याच दिवशी दिवेलागणीला शास्त्री वाटी घेऊन कोंडाबाईच्या दारात उभे राहिले.

"दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत, बुवा. सकाळी या."

"सकाळपर्यंत माझा अहंकार पुन्हा घट्ट लागेल, बाई. आत्ताच दे."

कोंडाबाई हसली आणि तिने वाटी भरून दिली.

त्या विरजणाचं ताजं ताक भानाजीला रोज मऊ भातातून मिळू लागलं. हळूहळू निळं पाणी ओसरलं. एकेक मोर आढ्यावरून उतरून शेल्यात जाऊन बसला. दहाव्या दिवशी भानाजीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गोदे, ताकात मीठ विसरलीस!"

गोदा हसता हसता रडली. शास्त्री स्वतः उठून मीठ घेऊन आले.

तात्पर्य: वाईट घालवताना चांगलंही गेलं, तर ते परत आणणं हेही आपलंच काम, त्यासाठी कुणाच्याही दारात वाटी घेऊन उभं राहायला लाजू नये.