तांडेलाची धास्ती

खाडीकाठच्या एका गावात धाकोजी नावाचा एक म्हातारा तांडेल राहत होता. उमेदीत त्याने भर वादळातून होड्या किनाऱ्याला लावल्या होत्या. घाबरणं म्हणून त्याला ठाऊक नव्हतं. त्याची बायको मथुरा पंच्याऐंशीला आलेली, तरी सकाळी अंगण झाडायची, कालवण स्वतः करायची आणि संध्याकाळी शेजारणीच्या ओटीवर गप्पांना बसायची. मुलं परगावी होती. दोघांचं बरं चाललं होतं.

एका सकाळी झाडता झाडता मथुरा छाती धरून खाली बसली. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. हृदयविकाराचा झटका होता. या वयात ती वाचेल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण वाचली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी धाकोजीला समजावलं, की हृदय अशक्त झालंय, गोळ्या चुकवू नका, जड काही उचलू देऊ नका. पण रोज थोडं थोडं चालवा, झेपेल ते काम करू द्या. धाकोजीने यातलं पहिलं तेवढं धरून ठेवलं. नंतरचं कानावर पडलं, पण आत शिरलं नाही.

घरी आल्यापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. तिचा डोळा लागला की हा तिच्या नाकाशी बोटं धरून श्वास चालू आहे का बघायचा. ती खोकली की हातातला तांब्या टाकून धावायचा. चूल त्याने स्वतःकडे घेतली. भात कधी कच्चा, कधी करपलेला. तो तिला भरवायचा, तिचं तोंड धुवायचा, वेणीसुद्धा घालायचा. तिने पाय खाली सोडले की हा उठलाच. शेजारीण अंगण झाडायला येऊ लागली, तर तिलाही म्हणायचा, हळू झाड. बसला की उठायचा, उठला की दाराशी जाऊन परत यायचा.

सुरुवातीला मथुरा हसायची. मग चिडायला लागली. मग तिने बोलणंच कमी केलं. पावसाळा सरेपर्यंत खाटेवरून उठायलाही तिला त्याचा खांदा लागू लागला. धाकोजी मनाशी म्हणायचा, दुखणं वाढतंय, आणखी जपायला हवं. आणि आणखी जपायचा.

पुन्हा तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीतून उठायला सांगितलं. मथुरेने दोन्ही हात टेकले, जोर लावला आणि परत बसली. धाकोजी उचलायला धावला, पण बाईंनी त्याला हाताने थांबवलं. तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आजोबा, यांचं हृदय होतं तसंच आहे. गेलेत ते पाय. वापरले नाहीत म्हणून गेलेत."

धाकोजीला ते पटेना. काल-परवाची पोर, तिला काय कळतंय, असं तो रिक्षात पुटपुटत राहिला. मथुरेने बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, दुखणं माझं. धास्ती मात्र तुमची, आणि भोगतेय मी."

घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मथुरेने त्याला बजावलं, की आज मी मागच्या दारच्या माडापर्यंत जाणार. तुम्ही पायरीवर बसायचं आणि मी बोलावल्याशिवाय उठायचं नाही.

धाकोजी बसला. ती भिंत धरून निघाली. भिंत संपली तशी काठी टेकत पुढे सरकली. मध्येच तिचा तोल गेला. धाकोजी अर्धा उठला. तिने मागे न बघताच हात वर केला. वादळात सुकाणू धरलेले हात त्याने मांडीखाली दाबले आणि तो परत बसला. वाटेत धुण्याचा दगड होता. त्यावर टेकून तिने दम खाल्ला आणि पुन्हा उठली. माडाला हात लावून ती वळली, तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि तोंडावर हसू.

मग ते रोजचंच झालं. एकदा ती पडलीही, गुडघा सोलवटला. त्या दिवशी धाकोजीने तिची काठी लपवून ठेवली. संध्याकाळी स्वतःच काढून दिली. हळूहळू ती तांदूळ निवडू लागली, आपली आंघोळ आपण करू लागली. पाण्याची कळशी तिला पुन्हा कधी उचलता आली नाही. दम लवकर लागायचा. पण उंबरठा ओलांडायला तिला कुणाला हाक मारावी लागेना. धाकोजीची धास्ती काही गेली नाही. ती घेऊनच तो पायरीवर बसायला शिकला.

काही वर्षांनी दुसरा झटका आला. त्यातून मथुरा वाचली नाही. दिवसकार्याला आलेला एक सोयरा म्हणाला, खाटेवर जपली असती तर आणखी जगली असती.

ते खरं की खोटं, धाकोजीला कुठून कळणार? तो म्हणाला, "असेलही. पण गेली त्या सकाळी ती आपल्या पायांनी शेजारच्या बाळंतिणीकडे जाऊन आली. येऊन मला म्हणाली, पोरगं माझ्यासारखंच हट्टी दिसतंय."

तात्पर्य: आपल्या माणसाला जपावं, पण त्याच्या हातापायांतलं काम काढून घेऊ नये. भीती आपली असेल तर ती आपण सोसावी, त्याच्या जगण्यावर लादू नये.