विधेयकाचं पारायण

“बुवा, तुम्हीच सांगा, एवढं जाडजूड वाचून समजणारा माणूस आमदार कशाला होईल?”

आबासाहेब खराडे आपल्या गुरूंना हे म्हणाले, तेव्हा दाराबाहेर त्यांची नवी सून ताकाचे पेले घेऊन उभी होती. निशिगंधाच्या हातावरची मेंदीही अजून धड उतरली नव्हती. गुरुदर्शनाला म्हणून तिला टेकडीवरच्या मठात आणलं होतं.

ते वाक्य तिच्यासाठी नव्हतं. म्हणूनच तिला नीट ऐकू आलं.

आत रामलिंगबुवा हसले नाहीत.

“मग अडलंय कुठं?”

“त्या शेळक्यापाशी.” आबासाहेबांचा आवाज चढला. “आरोग्य सुधारणेचं विधेयक आलंय. सोमवारी मतदान. आणि हा विरोधी पक्षाचा दीडदमडीचा माणूस चौकाचौकात ओरडत फिरतोय, आमदारांनी पान उलटलं नाही म्हणून.”

“उलटलंस?”

“पक्षाचा आदेश आहे, बुवा. हात वर करायचा. हाताला कुठं वाचता येतं?”

“मग माझ्याकडं काय काम काढलंस?”

“पारायण लावतो म्हणतो. इथंच, मठात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मोबाईलवर चित्रण होईल, गावोगाव जाईल. मग कुणाची बिशाद आहे म्हणायची, वाचलं नाही म्हणून?”

निशिगंधाला वाटलं, बुवा आता झापतील.

“लाव,” बुवा म्हणाले. “पण मठाच्या रीतीनं, दिनकर.” आबासाहेबांना नावानं हाक मारणारे आता तेवढेच उरले होते.

मठाची रीत साधी होती. वाचणाऱ्यानं वाक्य पुरं केलं की ऐकणाऱ्यांनी हुंकार द्यायचा. हुंकार आल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. आणि पोथी संपली की वाचणाऱ्यानं भावार्थ सांगायचा.

आबासाहेबांनी यातलं निम्मं ऐकलं, ताक प्यायले आणि उठले.

रविवारी मठ भरून गेला. विधेयक लाल कापडात गुंडाळून चौरंगावर ठेवलं होतं. कुणीतरी नारळ फोडला. क्षयापासून मूळव्याधीपर्यंत सगळे रोग पोटात घेऊन बसलेल्या त्या पोथीला बायका हळदकुंकू वाहून, मनोभावे हात जोडून पुढं सरकत होत्या.

शेळके पहिल्या रांगेत येऊन बसला. आमदार पानं गाळतात का, हे बघायला. त्याच्या शेजारी निशिगंधाचा थोरला भाऊ उमेश. करवंदवाडीहून खास आला होता. बहिणीच्या सासरचं कार्य, न येऊन कसं चालेल? मोबाईल धरून चित्रण करायला निशिगंधाचा नवरा उभा होता.

आबासाहेबांनी सूर लावला. आवाज मुळात पोथीचाच. कलमांनाही त्यांनी ओवीची चाल दिली.

“उक्त अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी...”

“हुं.”

“विहित करण्यात येईल अशा रीतीने...”

“हुं.”

निशिगंधा बायकांत बसली होती, पदर डोक्यावर. नव्या सुनेनं बोलायचं नसतं, हे तिला आल्या दिवशीच सांगून झालं होतं. ऐकू नकोस, असं मात्र कुणी म्हणालं नव्हतं. ती ऐकत होती.

जेवणं उरकून माणसं पेंगायला लागली, तेव्हा ते वाक्य आलं.

“ज्या उपकेंद्रांतील प्रसूतींची संख्या विहित संख्येहून न्यून असेल, ती उपकेंद्रे बंद करून नजीकच्या ग्रामीण रुग्णालयात विलीन केल्याचे मानण्यात येईल.”

“हुं.”

सगळ्यांत मोठा हुंकार उमेशदादाचा होता.

निशिगंधाच्या कानशिलांपर्यंत ऊन चढल्यासारखं झालं. करवंदवाडी केवढीशी. तिथं बाळंतपणं होऊन होऊन किती होणार? एक खोली, एक खाट, एक नर्सबाई. एवढंच ते उपकेंद्र. आणि नजीकचं रुग्णालय म्हणजे ओढ्यापलीकडचं. पावसाळ्यात ओढा भरला की माणूस पलीकडं जात नाही. नर्सबाई रजेवर होत्या त्या पावसात गावातल्या अडलेल्या शेवंताला बाजेवर घालून काठापर्यंत नेलं होतं. ती अलीकडच्याच काठावर राहिली. पोरही.

सारिकावहिनीचे दिवस श्रावणात भरत होते.

आणि वहिनीचा नवरा, दादाच, मांडी घालून हुं म्हणाला होता. ‘विलीन’ हा शब्द दादाला कीर्तनातून ठाऊक होता. तिथं विलीन होणं चांगलंच असतं.

तिला दादाचा राग आला. मग सुरात पुढं गेलेल्या सासऱ्यांचा. मग शेळकेचा, जो फक्त पानं मोजत होता. मग स्वतःचाच, की आपण पदर सावरत बसलोय.

ती सासूबाईंकडं झुकली. “आई, आत्ताचं ते वाक्य...”

“पदर नीट घे.”

“अहो, करवंदवाडीचं...”

“माहेर नंतर आठव. लोक बघतायत.”

वाचन पुढं चालू राहिलं. हुंकारही.

दिवस कलताना शेवटचं पान संपलं. आबासाहेबांनी विधेयकावर डोकं टेकलं. थाटात उठून त्यांनी अंगरखा झटकला आणि मोबाईलकडं तोंड करून म्हणाले, “झालं, बुवा. एक ओळ सोडली नाही.”

“भावार्थ?” बुवांनी विचारलं.

“कायद्याला भावार्थ नसतो, बुवा. कलमं असतात.”

“मग दिवसभर हुंकार कशाचा घेतलास?”

शेळके खुसखुसला. “अडकले साहेब.”

बुवांनी मान वळवली. “तू सांग बाबा. हुंकार तूही देत होतास.”

“मी? मी सवयीनं दिला.” शेळकेनं टोपी सारखी केली. “आणि आमचा विरोध आहे, बुवा. विरोध करायला वाचावं कशाला लागतंय?”

माणसं हसली. आबासाहेबही हसले, दिवसभरात पहिल्यांदाच दोघांचं कुठंतरी जमलं होतं.

बुवा हसले नाहीत. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, आसनावरून खाली उतरले आणि माणसांच्या मध्ये, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले. वर नुसतं घोंगडं उरलं.

“मलाही कळलं नाही,” ते म्हणाले. “ज्याला कळलं असेल, त्यानं वर बसावं. मी त्याचा शिष्य.”

कुणी हललं नाही.

“बुवा, पुरे झाली मस्करी,” आबासाहेब म्हणाले. “सकाळी मुंबईत पोचायचंय. मतदान आहे.”

“मग लवकर कुणीतरी बसा.”

निशिगंधा उठली.

सासूबाईंनी पदराचं टोक धरलं. ते त्यांच्या हातातून निसटलं. पदर डोक्यावरून खांद्यावर आला. तिनं तो पुन्हा वर घेतला नाही. माणसांनी पाय आखडून वाट दिली, कारण काय चाललंय हे कुणालाच उमजत नव्हतं. ती चौरंगाला वळसा घालून गेली आणि घोंगड्यावर बसली.

“सूनबाई, खाली उतर,” आबासाहेब हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या हळू आवाजालाच घरात सगळे भीत.

ती उतरली नाही.

बुवांनी हात जोडले. “सांगा, माई.”

समोर उमेशदादा कौतुकानं हसत होता. बहीण काहीतरी छान बोलणार, अशा तयारीत त्यानं मानही डोलावून ठेवली होती. निशिगंधानं त्याच्याकडं पाहिलं. मग सासऱ्यांकडं, शेळकेकडं, मोबाईल धरून थिजलेल्या नवऱ्याकडं.

“भावार्थ असा,” ती म्हणाली. “या पोथीत माझी वहिनी मरते. कुठल्या पानावर, ते तरी कुणी विचारा.”