बैलांच्या बोलीतली प्रार्थना

ज्या साली वळवंड्याच्या आपदेव शेटींची एकुलती लेक लखाई सासरी गेली, त्या सालची ही हकिकत आहे. लग्न उन्हाळ्यात उरकलं होतं, पण पुढे पावसाळा आला आणि ओल्या घाटातून लेकीला वर धाडायला शेटींचा जीव होईना. म्हणून पाठवणी कार्तिकावर ठेवली होती.

वळवंडे हे गाव चौल बंदरातून देशावर जाणाऱ्या वाटेवर, करंजघाटाच्या पायथ्याशी वसलेलं. घाटाची पहिली चढण चढलं की कातळात कोरलेलं एक लेणं लागतं. त्या काळी भानगिरी महाराज त्या लेण्यात राहत. आत मांडी घालून, डोळे मिटून बसलेली एक दगडी मूर्ती होती. ती घडवणारे भिक्षू कधीच निघून गेले होते आणि तिचं नावही त्यांच्याबरोबर गेलं होतं. गाव तिला वाटोबा म्हणे. बैलांवर माल वाहणारे तांड्याचे लोक जाता-येता शेंदूर लावीत. महाराज तिच्यापुढे रोज दिवा लावीत. "महाराज, हा देव मूळचा कुठला?" असं कोणी विचारलं, तर महाराज म्हणत, "वाटेवर बसलाय, म्हणजे कुठून तरी चालतच आला असणार. दमलाय बिचारा. बसू दे."

त्या वाटेने मीठ वर जाई, खजूर जाई, तांबं जाई. देशावरचं कापड आणि धान्य खाली येई. आणि दर साली पावसाळा सरला की समुद्रापलीकडच्या हुर्मुज बंदरातले घोडे गलबतांतून उतरून राजधानीकडे निघत. अशाच घोड्यांबरोबर आदल्या साली बुरहान नावाचा, घोड्यांची निगा राखणारा एक मोतद्दार आला आणि वळवंड्यात तापाने आडवा झाला. घोडे वेळेत पोचवायचे होते, व्यापारी थांबला नाही. तांड्याच्या लोकांनी बुरहानला उचलून बैलांच्या गोठ्यात निजवलं. भागा कुंभारीण त्याला दोन वेळा पेज पाजू लागली. गावाच्या तोंडी त्याचं नाव बुरणा झालं.

ताप उतरायला पुष्कळ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत गोठ्यात पडल्या पडल्या त्याच्या कानावर आपली जी भाषा पडली, ती बैलांशी बोलायची भाषा. वाघराच्या वासाने बैल बिथरले की तांड्याचा म्होरक्या धाऊ नायक येई, त्यांच्या पाठीवरून हात फिरवी आणि म्हणे, "होऽ राजा, होऽ." लगेच बैल निवत. बुरणा हे रोज बघे. त्याच्या मनाने घेतलं, की या मुलखात देवाला बोलवायचे शब्द हेच असणार. ज्या शब्दांनी भ्यालेला जीव शांत होतो ते शब्द दुसरे कशाचे असतील?

बरा झाल्यावर तो महाराजांच्या पायाशी आला तो तिथेच राहिला. झाडलोट करी, पाणी भरी. आपली नमाज तो बाहेर कातळावर आपल्या बोलीत पढे, सूर्य कुठेही असो, तोंड पश्चिमेला. पण संध्याकाळी महाराजांनी दिवा लावला की त्याला वाटे, इथल्या देवाशी इथल्या बोलीत बोलावं. मग तो पायरीवर बसून, हात जोडून, हळूच म्हणे, "होऽ राजा, होऽ."

एकदा आपदेव शेटींनी ते ऐकलं. शेटी म्हणजे गावातलं मोठं घर, मिठाचा मोठा व्यापार. रोज सकाळी विष्णूची सहस्रनामं म्हटल्याशिवाय पाण्याला न शिवणारे. ते पोट धरून हसले.

"अरे बुरण्या, देवाला काय बैल समजलास? उद्या त्याच्यापुढे कडबा टाकशील!"

भजनाला आलेली माणसंही हसली. बुरणाला सगळं समजलं नाही, पण हसणं समजलं. त्याने मान खाली घातली.

"महाराज, याला आवरा," शेटी म्हणाले. "दूरदेशीचा माणूस, ना आपली रीत ठाऊक ना भाषा. देवापुढे बैलहाकी चालते का?"

महाराज दिव्याची वात सारखी करत होते. ते म्हणाले, "शेटी, बैलाला ही हाक कशासाठी घालतात?"

"थांबवायला."

"आपण सगळे देवाला हाकलत असतो. हे दे, ते कर, इकडे बघ, लवकर ये. हा एकटाच त्याला थांब म्हणतो. मला तर बरं वाटतं ऐकायला."

शेटींना हे झोंबलं. त्या दिवसापासून बुरणा त्यांच्या डोळ्यांत खुपू लागला. लखाईच्या पाठवणीचा तांडा निघायचा ठरला तेव्हा ते महाराजांकडे आले. "वर हाटाच्या गावी याच्या देशाचे घोडेवाले उतरलेत. याला माझ्या तांड्याबरोबर धाडतो. आपल्या माणसांत जाऊ दे. इथे राहून देवाचा आणि आमचा किती दिवस छळ करणार?"

बुरणाने महाराजांकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. महाराज त्याला म्हणाले, "जा बाळा. घाट चढून बघ. यायचं झालं तर वाट तीच आहे."

सकाळी तांडा निघाला. पुढच्या बैलावर लखाई बसली होती. चढणीवर घसरू नये म्हणून शेटींनी स्वतःच्या हाताने तिचा पदर खोगिराच्या दोरीला गच्च बांधला होता. शेटी तिच्या बाजूने चालत होते. मागे मिठाच्या गोण्या लादलेले बैल, आणि सगळ्यांच्या मागे बुरणा. रात्रीपासून त्याला पुन्हा कणकण होती, घसा असा बसला होता की तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"आबा, त्याला अंगावर काही द्या ना," लखाई म्हणाली. "कुडकुडतोय."

"वर पोचला की त्याचे लोक देतील. तू पुढे बघ."

अर्ध्या घाटात धुकं उतरलं. चार पावलांपुढचं काही दिसेना. सुळक्याच्या वळणावर वाट जेमतेम एका बैलाची, डावीकडे कातळ, उजवीकडे खोल दरी. तिथे वरून दरड सुटली. दगड गडगडत मधोमध येऊन आदळले आणि सगळे बैल एकदम उधळले.

लखाईचा बैल शेटींच्या हातातली वेसण तोडून धुक्यात शिरला. गाडगी फुटावीत तशी तिची हाक आली, "आबाऽ!" आणि पुढे नुसते खूर वाजत राहिले. शेटींना आठवलं, पदर बांधलेला आहे. आपणच बांधलेला आहे. तिला उडीसुद्धा टाकता येणार नाही.

धाऊ नायक ओरडत होता, गडी ओरडत होते. जितका आरडाओरडा वाढला तितके बैल जास्त बुजले. शेटी गुडघ्यांवर बसले. देवाचा धावा करायला तोंड उघडलं आणि सहस्र नामांतलं एकही नाव त्यांना आठवेना. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागून धावत पुढे आलेला बुरणा दोन पावलांवर कातळाला टेकून उभा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले. आवाज नव्हता, ओठ तेवढे हलत होते. त्या ओठांवरचे शब्द शेटींनी ओळखले. आणि त्यांनीही, उभ्या गावादेखत ज्यांना हसले होते तेच शब्द, मनातल्या मनात म्हटले.

तेवढ्यात हाक आली.

"होऽ राजा, होऽ."

ती मागून आली नाही, कातळाकडूनही आली नाही. ती समोरून, दरीच्या बाजूने आली, जिथे पाय ठेवायला जागा नाही. शांत, भरलेला, रोज संध्याकाळी दिव्यापाशी ऐकू येणारा आवाज. आवाज महाराजांचा होता. खूर थांबले. पुढचे थांबले, मागचे थांबले. घाटात फक्त बैलांचा श्वास ऐकू येत राहिला.

धुकं जरा विरळ झालं तेव्हा शेटी चाचपत पुढे गेले. बैलाचे पुढचे दोन पाय कड्याच्या काठावर होते. लखाई ताठ बसली होती.

"आबा, महाराज कुठे गेले?"

"महाराज खाली लेण्यात आहेत, पोरी."

"आत्ता इथे होते. बैलाच्या तोंडावर हात ठेवला त्यांनी."

शेटींनी तिच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. तिथे दरी होती.

घाटमाथ्यावर लखाईच्या सासरची माणसं वाट बघत होती. शेटींनी लेकीला त्यांच्या हवाली केलं, स्वतःची घोंगडी बुरणाच्या अंगावर घातली, आणि म्हणाले, "चल." बुरणाने हाटाच्या गावाकडे बोट दाखवून विचारल्यासारखं केलं. शेटींनी नाही म्हणून मान हलवली आणि त्याचा दंड धरून ते खाली उतरू लागले.

लेण्याच्या दारात भागा कुंभारीण बसली होती. शेटींना बघताच ती सांगू लागली, "शेटी, आज महाराजांचं काय बिनसलं बघा. सकाळी भाकरी खात होते. हातातला घास टाकला, उठून ह्या दारात उभे राहिले आणि बैलाला घालतात तशी हाक घातली. मला वाटलं, मेला कुणाचा बैल शिरला माझ्या मडक्यांत. बघते तर कुणीच नाही."

शेटी आत गेले. "महाराज, घाटात तुम्ही आला होता?"

"मी इथे भाकरी खात होतो. भागाने सांगितलं ना?" महाराज म्हणाले. "लखाई नीट पोचली?"

शेटींनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून ते पायरीपाशी आले, आणि भजनाला जमलेल्या सगळ्या गावासमोर, त्या परमुलखातल्या मोतद्दाराच्या पायांशी वाकले. त्यांना रडू आवरत नव्हतं, खांदे गदगदत होते. बुरणा गांगरला. एवढा मोठा माणूस पायाशी, आणि समजूत घालायला आपल्याजवळ भाषा नाही. शेवटी त्याने वाकून शेटींच्या पाठीवरून हात फिरवला आणि बसक्या घशाने म्हणाला, "होऽ राजा, होऽ."

या वेळी कोणी हसलं नाही. शेटी तसेच वाकलेले राहिले आणि हळूहळू शांत झाले.

लखाईचा थोरला मुलगा मुंजीच्या वयाचा झाला त्या साली, चैत्र शुद्ध नवमीला, बुरणा लेण्यातच तापाने वारला. त्याच साली मार्गशीर्षात भानगिरी महाराजांनी देह ठेवला. आपदेव शेटी त्यांच्यामागे दोन वर्षांनी, माघात गेले.