नावेच्या दोरातला पेड

फार फार पूर्वीची, नदीवर पूल बांधणं कुणाला सुचलंही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. एका दांडग्या नदीच्या दोन्ही काठांना काही गावं होती आणि सगळ्यांची मिळून एकच नाव होती. नदीवर आडवा दोर बांधलेला असे. तो धरून नाव अल्याड-पल्याड जायची. दर उन्हाळ्यात प्रत्येक गाव अंबाडीचा एक पेड आणायचं आणि सगळे पेड एकत्र वळून नवा दोर व्हायचा.

वरच्या गावच्या पाटलाला हे खुपायला लागलं. "घाट खालच्या गावाचा, तंगडतोड आमची, आणि पेड मात्र सगळ्यांच्या बरोबरीचा! आम्ही नाही राहणार यात."

नाव चालवणारी म्हातारी म्हणाली, "जा की, पाटील. अडवतंय कोण? पण रीत ठाऊक आहे ना? आधी गावातल्या एकूण एक माणसाला विचारायचं. मगच आपला पेड आपल्या हातानं सोडवायचा."

एवढी सवड कुणाला हो? पाटलानं चावडीवरच्या चौघांना विचारलं. चौघांच्याही दारात घोडी, ते घोड्यावरूनच उतारानं नदी ओलांडायचे, त्यांना नावेचं काय! माना डोलल्या. पाटलानं दोर उकलून आपला पेड काढला आणि त्याच पेडानं आपला घोडा बांधला.

म्हातारीनं उरलेला दोर हातात घेऊन पाहिला. तिला धडकीच भरली. पण नवी अंबाडी यायला अवकाश होता, आणि नाव बंद ठेवली तर माणसांनी जायचं कसं?

पावसाळा आला. एके दुपारी डोंगराकडून घरघर ऐकू आली आणि बघता बघता पुरानं पाणी लाल झालं. पाटील घोड्यावरून घाटाकडे सुटला. त्याची लेक गोमती पल्याडच्या बाजाराला गेली होती!

नाव नेमकी मधोमध होती. दोर कुरकुरत होता. एक पेड तुटला. मग आणखी एक.

"बाबा!" गोमतीनं हंबरडा फोडला.

पाटलानं घोड्याच्या गळ्यातला पेड सोडून, एक टोक हातात धरून, तो नावेकडे भिरकावला. म्हातारीनं झेलला, ओढला. एकटा पेड तो, किती टिकणार? ताण बसताच तुटला. मागोमाग दोरही तुटला. नाव गरगरत वळणाआड गेली.

पुढं बाभळींत अडकून फुटलेली नाव सापडली. माणसं फांद्यांना धरून होती. सगळ्यांना वर चढवणारी म्हातारी मात्र कुठंच नव्हती.

पाटील लेकीला जवळ घ्यायला गेला, तशी ती मागं सरली. "बाबा, मी दर बाजाराला त्याच नावेत बसायचे. पेड काढताना मला विचारलंत का हो?"

तो पावसाळाभर नदीवर ना दोर होता, ना नाव. दोन्ही काठांची गावं जीव मुठीत धरून पाण्याकडे बघत राहिली.

म्हणून लहानथोरांनो, सगळ्यांच्या आधारातून आपला वाटा काढून घेण्याआधी, त्या आधारावर ज्यांचा जीव आहे त्यांना विचारावं.