मान हलवणारा राजा

एका राज्यात, जिथल्या नद्या डोंगर चढून जात आणि जिथल्या पक्ष्यांना माणसांसारखं बोलता येई पण फारसं बोलावंसं वाटत नसे, तिथे भद्रसेन नावाचा राजा होता. राजा शूर होता, देखणा होता, दानधर्मही करी. खोड एकच. कोणी गाऱ्हाणं घेऊन आलं, की त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच राजाची मान डावीउजवीकडे हले. मागणारा पाणी मागतोय की राजमुकुट, हे कळायच्या आतच नकार. प्रजेला त्याची सवय झाली होती. राणी शेवंतीलाही झाली होती. लग्न होऊन आल्यापासून तिची कितीतरी वाक्यं त्या राजवाड्यात अर्धवट पडून होती.

एकदा राजा शिकारीला गेला. वाटेत मोठा माळ लागला. माळभर गुडघ्याएवढं वाळलेलं कुसळी गवत, आणि गवताच्या मधोमध एका जोगिणीची झोपडी. जोगीण घोड्याला आडवी आली.

"राजा, माझी कुत्री सारखी मान झटकते आहे. तुझ्या पदरी वैद्य आहेत, त्यातला एखादा..."

राजाची मान हलली.

"माझं सांगून व्हायचं आहे," जोगीण म्हणाली.

राजाची मान पुन्हा हलली. जोगिणीने वाकून मूठभर गवत उपटलं आणि राजाच्या तोंडावर फेकलं. घोड्यावरून खाली उतरला तो तांबूस रंगाचा, लांब कानांचा कुत्रा. घोडा बुजला नाही. त्या राज्यातले घोडे अशा गोष्टींना सरावलेले असत.

"तिघांची गाऱ्हाणी मान न हलवता शेवटपर्यंत ऐक," जोगीण म्हणाली. "तिसरं ऐकून झालं की माणूस होशील. माळावरचं गवत पुन्हा नव्याने वाढून, पिवळं होऊन करपलं, की मुदत संपली. मग मलाही काही करता यायचं नाही."

शिपायांनी कुत्र्याला आणि निरोपाला जपून राजवाड्यात आणलं.

प्रधान मतिसागर म्हणाला, "यात अवघड काय आहे? नुसतं ऐकायचं तर आहे." कुत्र्याला सिंहासनावर बसवलं. शेजारी राणी बसली. रोज नवी माणसं बोलावून गाऱ्हाणी सांगायला लावली. कुत्रा आधी टक लावून पाही. राणी आशेने पुढे वाके. दुसरं वाक्य सुरू होई न होई, तोच कुत्रा असा जोरात मान झटके की त्याचे कान गालांवर फटफट वाजत. गाऱ्हाणं सांगणारा मुकाट्याने उठून जाई. त्याला हे ओळखीचंच होतं.

आणि मग दरबारात सगळा घोळ सुरू झाला. राजा कुत्रा झाला तरी राजाच, तेव्हा त्याच्या प्रत्येक हालचालीला अर्थ असणार, असं प्रधानाचं मत पडलं. कुत्रा मागच्या पायाने पोट खाजवू लागला, की प्रधान म्हणे, "महाराज सैन्याला कूच करायला सांगताहेत." सैन्य सीमेपर्यंत जाई, तिथे कोणीच नसे, सैन्य परत येई. कुत्रा बागेत जाऊन हरळी खाऊ लागला, तेव्हा राजाने वानप्रस्थ घेतला म्हणून दोन म्हातारे सरदार रडले. एके दिवशी तर कुत्रा भर दरबारात बूड टेकून गालिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत घसपटत गेला. सगळे उभे राहिले. प्रधान गंभीर झाला. "जमिनीची मोजणी," तो म्हणाला, आणि राज्यभर मोजणीदार सुटले.

राणीला हसावं की रडावं कळेना. या डोळ्यांमागे आपला नवरा आहे, असं कधी वाटे, आणि लगेच तो स्वतःची शेपटी धरायला गोल गोल फिरू लागे. खाजवतो तो राजा की कुत्रा? गवत कोण खातं? आणि ती मान? ती मान मात्र राजाचीच, याबद्दल तिला शंका नव्हती. ती मान तिने फार वर्षं पाहिली होती.

प्रधानाने राजासाठी रोज पंचपक्वान्नांचं ताट लावलं होतं. तुपातला शिरा, त्यात मूठभर बेदाणे. शिवाय राजमांत्रिकाने दृष्ट उतरावी म्हणून लसणीच्या पाकळ्या चारायला सांगितल्या होत्या. कुत्रा ओकू लागला, हगवणीने गळून गेला. मांत्रिक म्हणाला, शाप बाहेर पडतोय. पाकळ्या वाढवल्या.

माळावरचं नवं गवत वाढलं, फुलावर आलं, पिवळं पडू लागलं. एका दुपारी एक विधवा आपल्या मोडक्या बांधाचं गाऱ्हाणं घेऊन आली. कुत्र्याने ऐकलं, ऐकलं, आणि अगदी शेवटच्या शब्दाला मान झटकली. बाई उठून गेली. राणीचा संताप झाला.

"तुम्ही तसेच आहात," ती म्हणाली. "चार पाय आले, शेपटी आली, पण तुम्ही तसेच. राहा मग कुत्राच."

कुत्र्याने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. राणी तोंड फिरवून सज्जात जाऊन बसली. कुत्रा मागोमाग आला.

तिथे कठड्यावर एक साळुंकी होती. ती उडून कुत्र्याच्या पाठीवर गेली, केसांत चोच खुपसली आणि एक टपोरी गोचीड ओढून गिळली.

"महाराजांच्या पाठीवर बसू नकोस," राणी म्हणाली.

"हे महाराज आहेत की नाहीत ते मला ठाऊक नाही," साळुंकी म्हणाली. "हा कुत्रा आहे, एवढं नक्की. याला गोचीड झाली आहे, म्हणून खाजवतो. पोट बिघडलं आहे, म्हणून गवत खातो. मी म्हशींच्या पाठीवर जन्म काढला आहे, राणीबाई. मला शापातलं कळत नाही. गोचिडीतलं कळतं."

"आणि घसपटतो तो?"

"तुम्ही त्याला शिरा चारता ना? मग शेपटीखालच्या गाठी भरून अवघडतं. अवघडलं की घासतो."

 सैन्य, सरदारांचे अश्रू, मोजणीदार, सगळं राणीच्या डोळ्यांपुढून गेलं. इतके दिवस तिने त्या कुत्र्यात राजा शोधला होता. कुत्रा कोणीच पाहिला नव्हता.

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

"कुत्र्याचं करतात ते कर."

राणीने पदर खोचला. मोठ्या हंड्यात कडुनिंबाचा पाला उकळला, पाणी निवू दिलं आणि कुत्र्याला अंगणात बसवून न्हाऊ घातलं. साळुंकी पाठीवरच्या गोचिडी वेचे, राणी पोटाखालच्या. चिमट्याने कातडीलगत धरायच्या आणि सरळ ओढायच्या, पिळायच्या नाहीत, हे साळुंकीने तिला शिकवलं. सिंहासनावरची मखमली गादी धुऊन कडक उन्हात टाकली, कारण राजाच्या अंगापेक्षा गादीतच गोचिडी जास्त होत्या. ओरबाडून लाल झालेल्या जागी खोबरेल तेल लावलं.

मग ताट बंद केलं. बेदाणे, तूप, लसूण, कांदा, काही नाही. मांत्रिक रुसला. एक दिवस नुसतं पाणी, मग भाताची मऊ पेज, मग पेजेत शिजवलेला लाल भोपळा. हळूहळू पोट जागेवर आलं. घसपटणं थांबलं. प्रधानाने नाइलाजाने मोजणीदार परत बोलावले. कुत्र्याच्या अंगावर लव चमकू लागली, आणि एका सकाळी त्याने राणीची मोजडी पळवून बागेत पुरून ठेवली.

राणीला वाटलं, आता नक्की ऐकेल. तिने विधवेला पुन्हा बोलावलं. कुत्र्याने मान झटकली. पहिल्यापेक्षाही जोरात.

"राणीसाहेब," प्रधान म्हणाला, "महाराज मुळातच असे आहेत. आपण पुढची व्यवस्था पाहावी."

राणीने साळुंकीकडे पाहिलं.

"उजव्या कानात काहीतरी आहे," साळुंकी म्हणाली. "वास येतो. बघ, मान नेहमी त्याच बाजूला कलती असते."

"मग काढ ना."

"मी पाठीवरची. कानात शिरत नाही. जिच्या कुत्रीला हेच झालं होतं तिला विचार. तिच्या म्हशीवर मी कधीकधी बसते."

राणीने पालखी मागवली नाही. कुत्र्याच्या गळ्यात आपला शेला बांधला आणि पायी निघाली. साळुंकी कधी पुढे, कधी कुत्र्याच्या पाठीवर. माळावर पोचेतो गवत करपत आलं होतं. झोपडीच्या दारात एक म्हातारी काळी कुत्री ऊन खात पडली होती. तिचा एक कान चुरगळून वाळलेला होता.

जोगीण बाहेर आली. राणीने हात जोडले.

"आई, शाप मागे घ्या. यांना मान हलवायचा शाप दिलात, मग हे ऐकणार कसे?"

जोगीण गोंधळली. "मान हलवायचा शाप? तो मी कशाला देईन? ती तर याची जुनीच सवय."

"आताची ती सवय नाही. यांचा कान दुखतो."

जोगिणीने कुत्र्याचा उजवा कान उलटा करून उन्हात धरला. पाहता पाहता तिचा चेहरा उतरला. "कुसळ आहे," ती म्हणाली. "मी मूठभर गवत फेकलं, त्यातलंच गेलं असणार. टोकाने आत शिरतं आणि मागे येत नाही. प्रत्येक झटक्याला आणखी आत जातं." ती आपल्या कुत्रीकडे पाहत राहिली. "हिला हेच झालं होतं. मला काढता येईना, म्हणून तर वैद्य मागितला होता. पुढे जमलं, पण तोवर हिचा एक कान गेला."

मग तिने तिळाचं तेल कोमट करून आणलं. राणी गवतात मांडी घालून बसली, कुत्र्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं. तेलाचे थेंब कानात सोडले, कानाच्या मुळाशी हलक्या हाताने चोळलं, आणि दोघी वाट पाहत बसल्या. कुत्रा थरथरत होता, पण राणीचा हात त्याने चावला नाही. बऱ्याच वेळाने कुसळाचं शेपूट वर तरंगून आलं. जोगिणीने बारीक चिमट्याने ते धरलं आणि एका दमात बाहेर ओढलं. एवढंसं होतं ते, भाताच्या तुसाएवढं. त्याच्यापायी कितीतरी माणसं दरबारातून उठून गेली होती.

कान पुसून कोरडा केला. माळाच्या कडेचं गवत राखेसारखं होऊन गळू लागलं होतं.

"सांगा लवकर," साळुंकी म्हणाली. "मुदत जाते आहे."

जोगीण कुत्र्यासमोर बसली. "राजा, माझी कुत्री मान झटकते आहे. तुझ्या पदरी वैद्य आहेत, त्यातला एखादा माझ्याकडे पाठव. ती माझी एकुलती सोबत आहे." एवढंच तिला त्या दिवशी सांगायचं होतं. कुत्रा स्तब्ध बसून होता. ऐकून झालं.

साळुंकी पुढे आली. "माझं गाऱ्हाणं असं की तुझ्या नगरात निंबाची झाडं तोडून कमानी उभारल्या. आम्ही बसायचं कुठे?" ऐकून झालं.

आता राणी उरली. ती कुत्र्यासमोर बसली आणि म्हणाली, "मला या राजवाड्यात..." आणि थांबली. पुढचं वाक्य तिला ठाऊकच नव्हतं. तिथपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. गवत गळत गळत त्यांच्या पायांशी आलं. 

"मला या राजवाड्यात फार एकटं वाटतं," राणी म्हणाली. "तुम्ही शेजारी असलात तरी."

तेवढ्यात एक माशी आली आणि कुत्र्याच्या दुखऱ्या कानावर बसली.

राणीला ती दिसली. कुत्र्याच्या कानाची कातडी शहारली. माशी कडेकडेने चालत कानाच्या आत गेली. कुठलाही कुत्रा झटकेल. झटकायलाच हवं. पण आता राणीला थांबता येत नव्हतं.

"आणि खरं सांगायचं तर," ती म्हणाली, "तुम्ही कुत्रा झाल्यापासून जरा कमी एकटं वाटतं. तुम्हाला न्हाऊ घालते तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघता. त्यामुळे तुम्ही पुन्हा माणूस व्हावं की होऊ नये, हेच मला कळेनासं झालं आहे. तुम्हाला दुखत होतं, आणि मला वाटलं तुम्ही नाही म्हणताय. मी तुम्हाला बोलले. माझं चुकलं. झालं माझं सांगून."

कुत्र्याने डोळे मिटून घेतले होते. त्याचे पुढचे पाय कापत होते, जबडा घट्ट होता, आणि मान जागच्या जागी होती. तेव्हा राणीला इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कळलं, की आत कोण आहे.

माशी उडाली. गवताची शेवटची काडी गळायच्या आत राजा भद्रसेन करपलेल्या माळावर मांडी घालून बसला होता. गळ्यात राणीचा शेला होता, आणि उजवा कान लाल झाला होता.

त्याने पहिला शब्द उच्चारला तो असा.

"मग?"

राणीला रडू आलं. तिला पुढचंही पुष्कळ सांगायचं होतं, आणि ते सांगेपर्यंत ऊन कलून गेलं.

राजा नगरात परतला. जोगिणीकडे वैद्य गेला आणि म्हाताऱ्या कुत्रीच्या दुसऱ्या कानाला जपू लागला. कमानी उतरल्या, निंब लागले. विधवेचा बांध राजाने स्वतः जाऊन पाहिला. गाऱ्हाणं ऐकताना राजा मान किंचित तिरकी करून बसे, आणि ती हो म्हणते की नाही हे कोणालाच कळत नसे. पण वाक्य मात्र पुरं होई. कधी पावसाळी हवेत त्याचा हात आपसूक उजव्या कानाकडे जाई. लगेच प्रधान मतिसागर अर्थ लावायला उठे, आणि राणी त्याला म्हणे, "बसा. खाज सुटली आहे."

शाप उतरला, राज्य मार्गी लागलं. शेवंती राणीचं जसं शेवटपर्यंत ऐकलं गेलं, तसं तुमचंही घरोघरी ऐकलं जावो; आणि दारातलं कुत्रं मान झटकत असेल, तर आधी त्याचा कान पाहा.